दिवेलागणीचं विरजण

केतकीने नवऱ्याच्या तोंडावर परात फेकून मारली तेव्हा तिला राग आलेला नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही म्हणाल, असेल काहीतरी नवराबायकोचं, आपण कशाला मध्ये पडा. तसलं काही नव्हतं. ती बाजरीचं पीठ मळत होती, गाणं गुणगुणत होती. श्रीरंगने स्वयंपाकघरातला गेलेला दिवा बदलायला म्हणून खिडकीजवळची खुर्ची उचलली आणि टेबलापाशी आणली. बस्स, एवढंच घडलं.

परातीची कड त्याच्या भुवईवर बसली. रक्त पिठात पडलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हाताने डोळा दाबून नुसता बघत राहिला.

"माझी खुर्ची आहे ती," केतकी म्हणाली.

"अगं, दिवा बदलायला घेतली होती."

"विचारलंस?"

तिने लाटणं उचललं आणि आणखी एक द्यावा का, याचा शांतपणे विचार केला. तेवढ्यात श्रीरंग सरपटत दारापर्यंत मागे गेला होता, खुर्चीपासून लांब. मग तिने लाटणं खाली ठेवलं, खुर्ची जागेवर नेली, रक्ताचं पीठ काढून टाकलं आणि उरलेल्याची भाकरी थापली. तिला छान वाटत होतं. किती छान, तर लहानपणी कृष्णेच्या घाटावरून उडी मारून वर आल्यावर वाटायचं तसं.

आता हीच बाई आदल्या हिवाळ्यात कशी होती ते ऐका.

नोर्डविक हे नॉर्वेच्या पार वरच्या टोकाचं बंदर. श्रीरंग मोहिते तिथे जहाजात खनिज भरणाऱ्या यंत्रांवर इंजिनिअर, केतकी गावच्या वृद्धाश्रमात नोकरीला. दोघं मूळचे कराडचे. बंदर वाढलं तशी आणखी पंधराएक मराठी घरं तिथे आली आणि रीतीप्रमाणे मंडळ स्थापन झालं, रीतीप्रमाणे त्यात दोन गटही पडले. सगळं झकास होतं. पण नोव्हेंबर संपता संपता सूर्य जायचा. मावळायचा नव्हे, जायचाच. दक्षिणेला डोंगर आडवा, त्यामुळे पार फेब्रुवारीत सूर्याची कड दिसायची. मधले दोन महिने भरदुपारी बारा वाजता घटकाभर निळसर उजेड, बाकी काळोख.

तो काळोख केतकीच्या आत जायचा. आधी भूक जायची, मग बोलणं. अंघोळ म्हणजे डोंगर वाटायचा. श्रीरंग भात भरवायचा, ती गिळायची. आदल्या जानेवारीत एके दुपारी ती घरातल्या सपाता घालून धक्क्यावर गेली आणि पाण्याच्या अगदी कडेला उभी राहिली. पाणी काळं होतं. श्रीरंगने मागून येऊन तिच्या कोटाची टोपी धरली आणि गोणपाट ओढावं तसं तिला ओढत मागे आणलं. दोघं बर्फात बसून रडली. "पुन्हा असं केलंस तर बघ," तो म्हणाला. काय बघायचं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तेव्हा यंदा डॉक्टर सोल्वाय हिने नव्या औषधाच्या चाचणीत केतकीचं नाव घातलं, तर श्रीरंगने कुलदैवताला नारळ बोलला.

"वसंतातल्या चिमण्या पाहिल्यास ना?" डॉक्टरने समजावलं. "दिवस मोठा झाला की त्यांच्या मेंदूत एक खटका पडतो. खाणं, उडणं, गाणं, सगळं सुरू. माणसातही तसा खटका आहे. तुझा नोव्हेंबरात बंद पडतो तो उघडतच नाही. दिव्यापुढे बसवून काहींना बरं वाटतं, तुला नाही वाटलं. म्हणून आम्ही डोळ्यांची वाट सोडून पोटाची धरली." दूध आंबवणाऱ्या जिवाणूंच्या कुळातला एक जिवाणू घेऊन त्याला एक रसायन करायला शिकवलं होतं. तो आतड्यात बसून ते रसायन करायचा, आणि पोटातून मेंदूकडे जाणारी जी जाडजूड शीर असते तिच्यातून निरोप जायचा: दिवस मोठा झालाय, ऊठ.

"आणि तो पोटात वाढतच राहिला तर?" श्रीरंगने विचारलं.

"नाही वाढणार. त्याच्या गळ्यात लगाम आहे. त्याला जगायला जे खास खाद्य लागतं ते फक्त आमच्या पुडीत आहे. ते संपलं की दिवसभरात तो मरतो. म्हणून रोज एक पुडी, कोमट पाण्यातून. आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

केतकीने घरी येऊन पुडी फोडली आणि नाकाशी धरली. वास ओळखीचा होता, आंबूस, गोडसर. पुडीत दही होतं हो! वाळवलेलं, परदेशी शिक्षण घेतलेलं, पण दहीच.

आठवडाभरात ती उठली. पडदे धुतले. मेथीचे लाडू वळले. रात्री श्रीरंगला स्वतः होऊन जवळ घेतलं, तर तोच बावचळला. आणि मग तिला कुंदाताई दिसल्या.

कुंदाताई भोयर म्हणजे मंडळाच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. पन्नाशी उलटलेल्या, नागपूरच्या, हाताला वडाभाताची चव. हिवाळ्यात मात्र त्या नुसत्या खिडकीशी बसून असायच्या. "माझ्यानं नाही होत गं आता, केतकी," त्या म्हणाल्या. "काहून जगून राहिली, तेच समजत नाही." भोयरकाका मागे ओट्याशी उभे राहून स्वतःपुरती खिचडी करत होते, आणि त्यांनी मान वर केली नाही.

केतकीने डॉक्टरला विचारलं. यादी बंद झालीय, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षीपर्यंत ही बाई धक्क्यावर जायची! चांगलं एकटीने गिळायचं, असं केतकीला शिकवलं नव्हतं. आणि हातात दही असताना त्याचं काय करायचं, हे तर तिच्या आईच्या आईला ठाऊक होतं. तिने एक पुडी कोमट दुधात घातली, पातेलं ओव्हनमध्ये ठेवलं, आतला दिवा चालू ठेवला. इकडे थंडीत सगळ्यांचं दही असंच लागतं.

पहिल्या दिवशी लागलंच नाही, नुसती तार आली. तीच तार दुसऱ्या दुधाला लावली, तर जरा धरलं. तिसऱ्या दिवशी कवडीसारखं घट्ट दही पातेल्यात थरथरत होतं. केतकीला काय आनंद झाला! डॉक्टरने बांधलेल्या लगामाने दुधात कोट्यवधी जिवाणू मेले, ते बरोबरच. पण कोटीत एखादा असतो ना जन्मतःच लगाम तोडलेला? तो जगला. तार म्हणजे तो होता. दुसऱ्या दिवशी त्याची पिल्लं, तिसऱ्या दिवशी सगळं पातेलं त्याचं. हे कुणाला दिसणार? दही छान लागलं होतं, एवढंच दिसत होतं.

केतकी स्वतःही तेच खाऊ लागली. पुड्या तिने बरणीत भरून ठेवल्या, पुढच्या हिवाळ्याची बेगमी.

वाटी घेऊन ती कुंदाताईंकडे निघाली, तेव्हा श्रीरंग हसत म्हणाला, "अगं, दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये म्हणतात. घरची लक्ष्मी जाते."

कुंदाताईंना हे सांगितल्यावर त्या महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. "इथं तर दोन महिने दिवेलागणच असते, बाई! मग काय, कोणी कोणाला विरजण द्यायचंच नाही?"

आठवड्यात त्या उभ्या राहिल्या. पंधरवड्यात मंडळातल्या सगळ्या घरी ते विरजण पोहोचलं. कुणी "काय गं, औषध आहे का हे?" असं विचारलंही नाही. विरजणाला कोण विचारतं? चमचाभर न्यायचं, आपल्या दुधाला लावायचं. त्या डिसेंबरात नोर्डविकच्या मराठी माणसांनी काळोखाला हिंग लावून विचारलं नाही. लेझीम बसवली, शनिवारी बॅडमिंटन, पहाटे बर्फातून चालणं. केतकी सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली.

पहिले दात शनिवारी पडले. पाटणकर आणि जगदाळे, दोघेही संगणकावर बसणारे मवाळ गृहस्थ, फूल कुणाच्या बाजूला पडलं यावरून बोलले आणि पुढच्या क्षणी जगदाळेंनी रॅकेटची मूठ पाटणकरांच्या तोंडात घातली. पाटणकरांनी दात थुंकले आणि हसत हसत त्यांच्या मानेला चावा घेतला. सगळे भोवती टाळ्या वाजवत होते. केतकीने तर शिट्टी मारली. घरी जाताना दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गेले, पण आपापली बाजू सोडली नाही.

मग ते वाढत गेलं. शेजाऱ्याने लोटलेला बर्फ आपल्या हद्दीत आला म्हणून कुंदाताईंनी फावड्याने त्याच्या गाडीची काच फोडली, आणि तो विचारायला आला तर फावडं त्याच्या गुडघ्यावर आणलं. वृद्धाश्रमात एक पोरगी केतकीच्या कपातून कॉफी प्यायली. केतकीने तिचा अंगठा धरून उलटा केला, मोडल्याचा आवाज येईपर्यंत. "माझा कप आहे," ती म्हणाली. तिला घरी बसवलं. घरी बसल्याचंही तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटणं हेच बंद झालं होतं.

त्यानंतर आठ दिवसांत परात.

श्रीरंग टाके घालायला दवाखान्यात गेला, तिथे बाकावर भोयरकाका बसले होते. हात तळव्यापासून कोपरापर्यंत भाजलेला. "तुमच्या कुंदाताईंनी तवा टेकवला," काका म्हणाले. "मी त्यांच्या उशीवर डोकं ठेवलं होतं. सध्या आमच्या घरी मीच पाहुणा, मोहिते."

दोघांनी बाकावर बसून हिशोब मांडला. आख्ख्या मंडळात शांत राहिलेली हीच दोन माणसं. काकांना दूध-दही पचायचं नाही. आणि श्रीरंगच्या आईने त्याला पढवून ठेवलं होतं, थंडीत दही म्हणजे खोकल्याला आवतण, म्हणून तो नोव्हेंबर ते मार्च दह्याला शिवायचा नाही. मुळात शास्त्रात बसत नाही ते, पण त्या वर्षी त्याच्या उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी केतकी झोपलेली असताना त्याने वाटीभर दही चोरलं आणि डॉक्टरला नेऊन दिलं. चोरलं हाच शब्द बरोबर आहे, कारण केतकीला कळलं असतं तर तिने त्याचे हात मोडले असते.

संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. बायका काळ्या साड्यांत, पुरुष काळ्या कुडत्यांत, बाहेर त्याहून काळी दुपार. कुंदाताईंनी लोखंडी खलबत्त्यात तीळ कुटले होते, आणि टेबलावर भलंमोठं पातेलं भरून दही ठेवलं होतं. "तिळगूळ घ्या, गोड बोला," एकमेकांना सांगणं चाललं होतं. बोलणं गोडच होतं, पण प्रत्येकाने आपली खुर्ची पायाने धरून ठेवली होती, आणि ताट मांडीवर कोपराच्या आड.

श्रीरंग आला. भुवईवर पट्टी, हातात गोळ्यांची पिशवी, मागे भोयरकाका.

"मंडळी, जरा ऐका," तो म्हणाला. "चाचणीतली बाकीची माणसं ठणठणीत आहेत. आपलंच मंडळ पेटलंय. का, ते कळलंय. दह्यात आहे ते."

चावणं तेवढं थांबलं.

"चिमणी वसंतात गाते, तशीच ती आपल्या झाडावर दुसरी बसली तर तिचा डोळा फोडते. गाणं आणि मारणं एकाच खटक्यावर आहे. औषध दिवसभर टिकून मरायचं, तेवढ्यात नुसतं गाणं व्हायचं. आपण त्याला विरजण लावून जगवलं. रोजच्या दुधातून ते जास्त जोरकस झालं. आता पोटातून चोवीस तास निरोप चाललाय: दिवस मोठा झाला, माझी जागा, माझं झाड. डॉक्टरने गोळ्या दिल्यात. आठ दिवसांत पोट साफ होईल. डोकंही."

"आणि मग?" केतकीने विचारलं.

श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता यायचं नाही, ही त्याची जुनी खोड. "मग हिवाळा," तो म्हणाला. "जास्तच जड येईल म्हणाली डॉक्टर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढं बोलून त्याने गोळ्या टेबलावर ठेवल्या असत्या, सगळ्यांना विचार करू दिला असता, तरी कदाचित निभावलं असतं. पण त्याने पातेलं उचललं, दार लाथेने उघडलं आणि सगळं दही बर्फात ओतलं. पांढऱ्यावर पांढरं, दिसलंसुद्धा नाही.

पहिली लाथ केतकीची होती. ती त्याच्या पोटात बसली आणि तो दारातच दुमडला. मग सगळे धावले. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते श्वास आणि बुटांचा आवाज. जगदाळेंनी त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. पाटणकरांची बायको, जी एरवी झुरळाला भ्यायची, ती त्याच्या पाठीवर खुर्ची घालत होती. तिळाचे लाडू पायाखाली फुटत होते. केतकीला त्याच्या बरगड्या पायाला लागत होत्या आणि प्रत्येक लाथेबरोबर अंगात ऊन चढत होतं. तिने त्याच्या डोळ्यावर टाच आणली. भुवईचे टाके उसवले, आणि डोळ्यातून पातळ काहीतरी आलं.

तेवढ्यात कुंदाताई गर्दीतून पुढे आल्या. एका हातात बत्ता होता, लोखंडी, तिळाने तेलकट झालेला. दुसऱ्या हाताने त्यांनी श्रीरंगची मान धरली आणि खाली दाबली, कोंबडीची धरतात तशी.

केतकीने तो हात पाहिला. तिच्या नवऱ्याच्या मानेवर दुसऱ्या कुणाचा हात.

"सोडा," ती म्हणाली. "माझा आहे तो."

"सरक!"

"माझा आहे! मारायचा तर मी मारीन!"

आणि ती कुंदाताईंवर तुटून पडली. त्याला वाचवायचंय, असं काही तिच्या मनात नव्हतं, हे पुन्हा सांगितलेलं बरं. खुर्ची होती तसाच तो होता. तिने कुंदाताईंची बोटं त्या मानेवरून एकेक करून उलटी वळवली. पहिलं कडकन गेलं, दुसरं गेलं, आणि कुंदाताईंनी बत्ता वर उचलला.

"कुंदा, अगं काय करून राहिली!" म्हणत भोयरकाका मध्ये शिरले. आयुष्यभर ते कधी कशाच्या मध्ये पडले नव्हते. बत्ता त्यांच्या कानावर बसला. ते खुर्चीवर बसावं तसे खाली बसले आणि मग आडवे झाले.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बत्ता पदराला पुसला आणि विचारलं, "माझी खुर्ची कोणी घेतली?"

केतकीने श्रीरंगच्या कोटाची टोपी धरली आणि त्याला ओढत बर्फातून गाडीपर्यंत नेलं. मागे आलेल्या जगदाळेंना तिने गाडीच्या दारात हात चेमटून परत पाठवलं. गोळ्यांचं एक पाकीट श्रीरंगने मुठीत घट्ट धरलेलं होतं. मार खाताना त्याने मूठ उघडली नव्हती.

गाडीत बसल्यावर त्याने एक गोळी तळहातावर ठेवली आणि हात मध्ये धरला. जवळ नेला नाही. त्याचा एक डोळा पार बंद झाला होता.

तिला तो हात चावावासा वाटला. "घेतली तर मी परत धक्क्यावर जाईन," ती म्हणाली.

"जाशील."

"मग?"

"मी येईन की मागनं."

"एका डोळ्यानं?"

"तुला शोधायला एक पुरतो," श्रीरंग म्हणाला, आणि त्याला खोकला आला, आणि खोकल्यातून रक्त आलं.

ते रक्त तिच्या सीटवर पडलं. माझी सीट, असं तिच्या डोक्यात आलं, आणि हात आपोआप वर गेला, आणि तो वर गेलेला हात तिला दिसला. नवऱ्याने तो चुकवला नव्हता. चुकवायचं बळच त्याच्यात नव्हतं. पुढच्या वेळी आपण याला मारून टाकू आणि नंतर भाकरी थापू, हे तिला स्वच्छ कळलं.

"खाली उतर," ती म्हणाली. "गोळी ठेव आणि उतर. जवळ राहिलास तर आधी तुला मारीन."

तो उतरला, बोनेटला धरून बर्फात उभा राहिला. तिने आतून कुलूप लावलं. डॅशबोर्डवर मुठी मारल्या, बोटांची हाडं दिसेपर्यंत मारल्या. मग गोळी तोंडात टाकली आणि रक्ताबरोबर गिळली.

भोयरकाका तिसऱ्या दिवशी गेले. पोलिसांनी मंडळाच्या हॉलला कुलूप ठोकलं, सगळ्यांना गोळ्या घेणं भाग पाडलं. कोर्टाने अपराध दह्याचा किती आणि माणसाचा किती हे ठरेपर्यंत कुंदाताईंच्या घोट्याला पट्टा बांधून त्यांना घरी सोडलं. कराडहून, नागपूरहून फोन आले आणि थांबले. श्रीरंगचा डावा डोळा गेला तो गेलाच.

आणि आतला हिवाळा आला. डॉक्टरने म्हटल्याप्रमाणे सव्याज आला. केतकी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. पूर्वी फक्त काळोख होता, आता त्या काळोखात परातीची कड होती, मोडलेला अंगठा होता, टाचेखाली फुटलेला डोळा होता. वाईट वाटणं एकदाचं परत आलं होतं, साठलेलं सगळं घेऊन. श्रीरंग भात भरवायचा. त्याचा घास कधी तिच्या ओठांच्या बाजूला जायचा, एका डोळ्याने अंतर कळत नाही म्हणून. ती तोंड सरकवून घ्यायची. तेवढं ती करायची.

एक गोष्ट तिने त्याला सांगितली नव्हती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, तो दवाखान्यात असताना तिने ओव्हनमधलं पातेलं मोरीत ओतलं होतं. पण त्याआधी एक रुमाल त्यात बुडवून हीटरवर वाळवला होता. तिची आई असाच विरजणाचा रुमाल परदेशी जाणाऱ्या लेकीच्या बॅगेत घालायची. कोमट दुधात टाकला की झालं. तो रुमाल मसाल्याच्या डब्याच्या मागे होता, आणि केतकी दिवसाकाठी कितीदा तरी त्या डब्याकडे बघायची.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी दार वाजलं. श्रीरंग डोळ्याच्या तपासणीला गेला होता. भिंत धरत धरत केतकीने दार उघडलं, तर कुंदाताई. केस पिंजारलेले, कपाळ मोकळं, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी ती तशीच राहिलेली. घोट्याचा पट्टा किणकिण वाजत होता, कारण त्यांनी हद्द ओलांडली होती. पोलीस येणार होतेच, त्यांना पर्वा नव्हती.

त्यांच्या हातात वाटी होती.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवू," त्या म्हणाल्या. "विरजण आहे का गं? चमचाभर दे."

केतकीने भिंत सोडून दाराची कड धरली.

"तुझ्याकडे असणार. तू फेकणारी नाहीस, मी ओळखून आहे तुले." त्यांनी वाटी छातीशी धरली. "मी बत्ता पदराला पुसला, केतकी. ते खाली पडले होते आणि मी पदराला पुसला. तेव्हा काहीच वाटलं नाही मला. आता सारखं वाटून राहिलं, झोपेत पण वाटून राहिलं. ते खाल्लं की वाईट वाटत नाही गं. दे ना मला. कोणाला मारत नाही मी. मारायला आता राहिलंय कोण?"

केतकीची नजर मसाल्याच्या डब्याकडे गेली. हात लांब केला असता तर पुरत होता. द्यावं असं तिला वाटलं. खरं तर दोघींनी मिळून खावं, आत्ता, श्रीरंग यायच्या आत, असं वाटलं. जन्मात तिने विरजणाला कुणाला नाही म्हटलं नव्हतं. समोरच्या खिडकीत दुपारचे बारा वाजले होते आणि रस्त्यावरचे सगळे दिवे लागलेले होते.

"दिवेलागण झालीय, ताई," ती म्हणाली. "आता विरजण देत नसतात."

"इथं तर दोन महिने दिवेलागणच असते!"

"म्हणूनच."

कुंदाताईंनी वाटी तिच्या अंगावर फेकली. ती खांद्याला लागून खाली पडली, फुटली. केतकीने ती वाकडी बोटं हातात घेतली, तिनेच वाकडी केलेली, आणि कुंदाताईंना आत ओढून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. मग मसाल्याच्या डब्यामागून रुमाल काढला, पातेल्यात पाणी घातलं, रुमाल त्यात सोडला आणि शेगडी पेटवली. कुंदाताई बघत होत्या. काय आहे ते त्यांना लगेच कळलं आणि त्या अर्ध्या उठल्या, पण केतकी शेगडीपुढे उभी राहिली, आणि दोघींच्याही अंगात झटापटीचा जोर राहिला नव्हता.

पाण्याला आधण येऊ लागलं. आंबूस, गोडसर वास घरभर पसरला. कुंदाताईंनी तो नाकात ओढून घेतला, आणि मग त्या भोयरकाकांचं नाव घेऊन मोठ्याने रडायला लागल्या, ते गेल्यापासून पहिल्यांदाच.

केतकीने शेगडी मोठी केली.